तालुक्यातला क्षयरोगाचा आकडा कसा वाचावा आणि रुग्णाचा माग कसा काढावा

२०१९ साली देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० साली ती १८ लाखांवर आली, म्हणजे एका वर्षात जवळपास पाव हिस्सा घट. रोग तेवढा कमी झाला होता असं कोणीही जाणकार म्हणणार नाही. ओपीडी ओस पडल्या होत्या, क्षयाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणाऱ्या सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रांवर कोविडचे नमुने चढत होते, क्षयरोगाचे कर्मचारी कोविडच्या ड्युटीवर होते आणि खोकणारा माणूस दवाखान्यात जायला घाबरत होता. तालुक्याच्या पातळीवर असंच काहीतरी लहान प्रमाणात दर वर्षी घडत असतं. लॅब टेक्निशियनची बदली होते, तपासणीच्या चिप संपतात, एसटीएसचं (क्षयरोग उपचार पर्यवेक्षकाचं) पद सहा महिने रिकामं राहतं, आणि आढावा बैठकीत ‘यंदा रुग्ण कमी झाले’ म्हणून समाधान व्यक्त होतं.

क्षयरोगाचा आकडा आपल्यापर्यंत चार चाळण्यांतून येतो. आजारी माणूस दवाखान्यात आला का, आलेल्याची तपासणी झाली का, तपासणीने रोग पकडला का, आणि पकडलेला रुग्ण क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर चढला का. आकडा हलला की आधी कोणती चाळणी हलली ते शोधायचं आणि मगच रोगाबद्दल बोलायचं. साथरोगतज्ज्ञाचं बरंचसं काम यातच आहे. पुढची पद्धत जिल्हा क्षयरोग केंद्रात नव्याने रुजू झालेले साथरोगतज्ज्ञ, तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे.

आधी छेद, मग अंश

दर काढायचा तर छेदात लोकसंख्या लागते, आणि पहिली चूक तिथेच होते. शेवटची जनगणना २०११ची. तेव्हापासून भिवंडी, पनवेल, हवेली असे तालुके फुगले आहेत आणि डोंगराळ भागातले कित्येक तालुके जवळपास आहे तिथेच आहेत. सगळ्या तालुक्यांना एकच वाढीचा दर लावला, तर फुगलेल्या तालुक्याचा छेद खरा असायला हवा त्यापेक्षा लहान राहतो आणि तिथला रोगाचा दर उगाच जास्त दिसतो. आशांचं घरोघरचं सर्वेक्षण, मतदार यादी आणि रेशनकार्डांची संख्या शेजारी शेजारी मांडून तालुक्याचा एक आकडा ठरवा, तो कसा ठरवला ते लिहून ठेवा आणि वर्षभर तोच वापरा. मध्येच छेद बदलला की मागची सगळी तुलना वाया जाते.

दुसरा प्रश्न अंशाचा: रुग्ण कुठला मोजायचा, निदान झालं तिथला की राहतो तिथला? निक्षयवर निदान करणारं केंद्र, सध्या उपचार देणारं केंद्र आणि रुग्णाचा पत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठं सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात निदानाप्रमाणे मोजलं, तर आसपासच्या चार जिल्ह्यांचे रुग्ण त्या शहराच्या नावावर पडतात. मुंबईत तर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून उपचारासाठी आलेले रुग्णही त्यात मिसळतात. रोग किती आहे हे पाहायचं तेव्हा राहत्या पत्त्याप्रमाणे मोजा. केंद्राचं काम किती झालं हे पाहायचं तेव्हा निदानाप्रमाणे. एकाच तक्त्यात हे दोन्ही मिसळू नका.

बीड, जालना, अहिल्यानगर या भागांत छेद स्वतःच चालता असतो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात असतात. या सहा महिन्यांत मूळ तालुक्यातली तरणी माणसं गायब असतात आणि कारखान्याच्या परिसरात फडाच्या कडेला कोप्यांमध्ये राहणारी लोकसंख्या कुठल्याच यादीत नसते. अशा तालुक्याची तिमाही तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. ऑक्टोबर-डिसेंबरची तुलना जुलै-सप्टेंबरशी केली तर दर वर्षी ‘घट’ दिसेल.

माहिती गोळा करणं आणि साफ करणं

एकट्या निक्षयवर भिस्त ठेवू नका. दर महिन्याला चार कागद शेजारी ठेवा: निक्षयची यादी, प्रयोगशाळेची नोंदवही, औषध वाटपाची नोंद आणि मृत्यूंची नोंद. प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आलेलं प्रत्येक नाव निक्षयवर आहे का ते एकेक करून ताडून पाहा. निदान झालं, पण उपचार कधी सुरूच झाले नाहीत असे रुग्ण इथेच सापडतात. संसर्गाच्या दृष्टीने ते सगळ्यात धोक्याचे, आणि निक्षयच्या कुठल्याही टक्केवारीत ते दिसत नाहीत.

खाजगी दवाखान्यांतले रुग्ण हा वेगळा भाग आहे. मे २०१२पासून क्षयरोगाची नोंद सर्व डॉक्टरांना आणि प्रयोगशाळांना बंधनकारक आहे आणि २०१८च्या राजपत्रात औषध दुकानदारही त्या कक्षेत आले. तरीही नोंद न होणारे रुग्ण असतातच. त्यांचा अंदाज औषध दुकानांतून लागतो. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्बुटॉल, पायराझिनामाइड ही औषधं शेड्यूल एच-१मध्ये आहेत, त्यामुळे दुकानदाराला ती कोणाच्या चिठ्ठीवर, कोणाला आणि किती दिली याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन तालुक्यातल्या मोठ्या पाच-सहा दुकानांची ही वही तिमाहीतून एकदा पाहा. वहीत चाळीस रुग्ण आहेत आणि त्या डॉक्टरांकडून निक्षयवर बाराच चढले आहेत, असं दिसलं की कुठे जायचं ते कळतं. दमदाटी करून एखाद महिना नोंदी येतात, मग थांबतात. डॉक्टरांना मोफत सीबीनॅट तपासणी, मोफत औषधं आणि रुग्ण त्यांच्याकडेच राहील याची हमी दिली तर त्या टिकतात.

मग दुबार नोंदी. एकच माणूस खाजगीत ‘संजय एस.’, ग्रामीण रुग्णालयात ‘संजय शंकर’ आणि जिल्हा रुग्णालयात वडिलांचं नाव आधी लावून असा तीनदा चढलेला असतो. फक्त फोन नंबरवर दुबार शोधू नका. एका घरात एकच फोन असतो आणि तिथे खरोखरच दोन रुग्ण असू शकतात. कित्येकदा तर आशाताईंचाच नंबर दहा रुग्णांसमोर असतो. नावाचं पहिलं अक्षर, वय दोन वर्षांच्या फरकात, लिंग आणि गाव या चार गोष्टी जुळल्या की संशयित दुबार धरा आणि एसटीएसकडून फोनवर खात्री करून घ्या. खात्री न करता नोंद काढून टाकू नका.

तारखांवरही नजर ठेवा. निदान, उपचार सुरू आणि नोंदणी या तिन्ही तारखा एकाच दिवसाच्या असलेले रुग्ण फार दिसले तर सगळं काम एका दिवसात झालं असं समजू नका. बहुतेक वेळा भरणाऱ्याने ज्या दिवशी संगणकावर बसला तीच तारीख सगळीकडे टाकलेली असते. अशा नोंदी बाजूला ठेवूनच विलंब मोजा, आणि सरासरीऐवजी मध्यक काढा. एखादा रुग्ण आठ महिने फिरत राहिलेला असतो, तो एकटा सगळी सरासरी बिघडवतो.

चाळणी मोजायची कशी

आता मुख्य हिशोब. समजा, तालुक्याची लोकसंख्या २,४०,००० आहे. देशाचा २०२३चा अंदाजित दर लाखामागे १९५ होता. तो मोजपट्टी म्हणून लावला तर वर्षाला ४६८ नवे रुग्ण अपेक्षित धरता येतात. तुमचा तालुका देशाच्या सरासरीसारखाच असेल असं नाही, पण कुठून तरी सुरुवात हवी. नोंद झाले ३३०. संशयितांच्या तपासण्या ३,१०० आणि त्यांत जंतू सापडलेले २०२. म्हणजे लाखामागे सुमारे १,२९० तपासण्या, आणि तपासलेल्यांत पॉझिटिव्ह ६.५ टक्के.

पुढच्या वर्षी नोंद झाले २९०. बैठकीत १२ टक्के घट म्हणून सांगितली जाईल. तपासण्या पाहा: त्या २,२०० आणि पॉझिटिव्ह १७६, म्हणजे ८ टक्के. तपासण्या घटल्या आणि पॉझिटिव्हचं प्रमाण वाढलं, याचा अर्थ चाळणी अरुंद झाली. ज्यांची लक्षणं ठळक आहेत तेवढेच तपासले जात आहेत, सौम्य लक्षणांचे बाहेर राहिले. याउलट तपासण्या ५,००० झाल्या, पॉझिटिव्ह १९० आले आणि प्रमाण ३.८ टक्क्यांवर उतरलं, तर खरी घट असू शकते. पण त्याआधी दोन शंका फेडून घ्या: नमुने बेडक्याचे होते की थुंकीचे, आणि तपासलेले लोक खरोखर जोखमीचे होते की उद्दिष्ट भरण्यासाठी ओपीडीतल्या कोणाचेही नमुने घेतले.

राष्ट्रीय प्रादुर्भाव सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक तालुक्याच्या टेबलावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. लक्षणं असूनही ६४ टक्के लोकांनी कुठेच दाखवलं नव्हतं. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. म्हणजे ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ एवढाच प्रश्न दारोदार विचारून केलेली शोधमोहीम जवळपास निम्मे रुग्ण मागे ठेवते. हातात धरायचं एक्स-रे यंत्र जिल्ह्यात एक जरी असलं, तरी ते मुख्यालयात ठेवू नका. वीटभट्ट्या, दगडखाणी, यंत्रमागाच्या वस्त्या, कारागृहं, वृद्धाश्रम आणि दुर्गम पाडे यांचं वर्षाचं वेळापत्रक आखा. ऊसतोड टोळ्यांसाठी दोन मुहूर्त राखून ठेवा: दसऱ्याच्या आधी गावात आणि गुढीपाडव्यानंतर परतल्यावर.

लहान आकड्यांचा फसवेपणा

गावाच्या पातळीवर टक्केवारी काढायचा मोह आवरा. रुग्णसंख्या लहान असते तेव्हा ती नुसत्या योगायोगानेही खाली-वर होते. त्यासाठी एक कामचलाऊ नियम: आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढा झोल दोन्ही बाजूंना धरा. १६ रुग्णांचं वर्गमूळ ४, दुप्पट ८, म्हणजे ८ ते २४ यांतला कुठलाही आकडा त्याच परिस्थितीत येऊ शकला असता. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन दुप्पट करा. १६वरून २४ झाले तर फरक ८ आणि झोल सुमारे १३. ही वाढ म्हणून जाहीर करण्याजोगी गोष्ट नाही, पण लक्ष ठेवण्याजोगी आहे.

टीबीमुक्त ग्रामपंचायतीच्या निकषांत हजार लोकसंख्येमागे एक किंवा त्याहून कमी रुग्ण ही अट आहे. १,२०० वस्तीच्या गावात ही अट पाळायची तर वर्षात जास्तीत जास्त एक रुग्ण चालतो. देशाच्या सरासरीइतकाच रोग त्या गावात असेल तर वर्षाला सरासरी २.३ रुग्ण यायला हवेत. तरीही केवळ योगायोगाने शून्य किंवा एकच रुग्ण येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के निघते. म्हणजे रोग तसाच असताना दर तीन गावांपैकी एक गाव या अटीत बसेल. म्हणूनच हजारामागे किमान ३० संशयितांची तपासणी ही दुसरी अट तिच्याइतकीच महत्त्वाची, आणि पडताळणी करताना आधी तीच पाहायची. या ३० जणांची नावं, वयं आणि तपासणीची तारीख मागा. सगळे नमुने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले असतील, किंवा साठीच्या पुढचं कोणीच यादीत नसेल, तर गावाला पुन्हा भेट द्या. ग्रामपंचायतीला फलक मिळावा म्हणून रुग्ण शेजारच्या गावाच्या पत्त्यावर चढवण्याची वृत्तीही येते. सरपंचांना आधीच सांगा की रुग्ण सापडणं हा गावावरचा डाग नाही.

प्रयोगशाळा आणि नमुना

चांगला नमुना २ ते ५ मिलि, घट्ट, पिवळसर बेडका. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला. आशाताईंनी हे रुग्णाला शब्दांत सांगण्यापेक्षा करून दाखवावं, आणि नमुना घराबाहेर मोकळ्या हवेत द्यायला लावावा. पाण्यासारखी थुंकी आली तर ती फेकून दुसरी डबी द्यावी. ‘निगेटिव्ह’ लिहून आलेल्या थुंकीने रुग्णाचे दोन महिने जातात.

जुन्या सूक्ष्मदर्शक तपासणीत जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. म्हणून पहिली तपासणी नॅटच (सीबीनॅट किंवा ट्रूनॅट) असावी. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसतं. मात्र त्यात क्षयाची चिप आणि रिफाम्पिसिन प्रतिरोधाची, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतात की नाही ते पाहणारी, चिप वेगळी असते. पहिल्या चिपचा साठा आहे आणि दुसरीचा संपला आहे, ही स्थिती वारंवार येते. मग रुग्ण पॉझिटिव्ह म्हणून नोंदला जातो आणि त्याचा प्रतिरोध तपासलाच जात नाही. साठ्याच्या तक्त्यात दोन्ही चिप वेगळ्या ओळीत मांडा.

महिन्याला एकूण चाचण्यांपैकी एरर, इनव्हॅलिड आणि नो रिझल्ट किती आले ते मोजा. पाच टक्क्यांच्या वर गेलं तर यंत्राचं मॉड्यूल, खोलीचं तापमान, वीज आणि नमुना टाकण्याची पद्धत या क्रमाने तपासा. एखाद्या केंद्राचे ओळीने साठ-सत्तर नमुने निगेटिव्ह आले तर आनंद मानू नका, तिथे जाऊन डब्या पाहा. उलट, नव्या रुग्णाच्या नमुन्यात जंतू ‘व्हेरी लो’ आणि सोबत रिफाम्पिसिन प्रतिरोध असा निकाल आला, तर दुसऱ्या चांगल्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करून घ्या. राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुऔषध प्रतिरोध नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि आधी उपचार घेतलेल्यांत ११.६ टक्के आढळला होता. ज्या गटात गोष्ट मुळात दुर्मीळ असते तिथे चुकीच्या पॉझिटिव्हचा वाटा वाढतो.

सहवासितांची तपासणी

सगळ्यात जास्त फळ देणारं आणि सगळ्यात जास्त कागदावर उरकलं जाणारं काम हे. आपल्यासारख्या देशांत क्षयरुग्णाच्या घरातली शंभर माणसं नीट तपासली तर साधारण तिघांना रोग आढळतो. ज्या तालुक्यात ‘सहवासित तपासले १,२००, रुग्ण सापडले २’ असं लिहिलंय, तिथे तपासणी म्हणजे ओपीडीत बसून रुग्णाला ‘घरात कोणाला खोकला आहे का?’ एवढं विचारणं झालेलं असतं.

निदानानंतर आठवड्याच्या आत घरी जा, आणि संध्याकाळी जा. दुपारी घरात म्हातारी आणि लहान मुलंच भेटतात. रुग्णाची परवानगी आधी घ्या. गाडीवर बोर्ड लावून दारात उभं राहिलात तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. नवी सून, लग्न ठरलेली मुलगी, भाड्याने राहणारा मजूर यांच्या बाबतीत रोग कळण्यापेक्षा लोकांना कळण्याची भीती मोठी असते. ती भीती खरी आहे, तिला अडाणीपणा म्हणू नका.

लक्षणं सुरू झाली त्याच्या तीन महिने आधीपासून आजपर्यंत रुग्ण कोणाकोणासोबत झोपला, जेवला, बंद खोलीत बसला, याची यादी करा. ‘घरात किती जण?’ असं विचारलं तर रेशनकार्डावरची नावं मिळतात. त्याऐवजी विचारा: रात्री कोण कुठे झोपतं? दिवाळीला कोण राहून गेलं? कामाला कोणत्या गाडीतून जाता? मुलं शिकवणीला कोणाच्या घरी जातात? ऊसतोड कामगार असेल तर टोळीतल्या किती कोयत्यांच्या (तोडणाऱ्या जोड्यांच्या) कोप्या शेजारी होत्या आणि मुकादम कोण? मुकादमाचा फोन नंबर रुग्णाच्या नंबरइतकाच महत्त्वाचा, कारण टोळी हलली की ठावठिकाणा त्यालाच ठाऊक असतो.

यादीतल्या प्रत्येकाला चार लक्षणं विचारा: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. सहवासिताच्या बाबतीत खोकला दोन आठवड्यांचाच हवा असं नाही, दोन दिवसांचाही चालतो. वजन मोजा, विचारू नका. लक्षण असो वा नसो, एक्स-रे काढा. लक्षण असेल किंवा एक्स-रेत डाग असेल तर नॅट तपासणी. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांना सकाळी उपाशीपोटी जठरातला नमुना काढता येईल अशा रुग्णालयात पाठवा, ‘नमुना मिळाला नाही’ म्हणून फाइल बंद करू नका.

रोग नाही हे नक्की झालं की प्रतिबंधक उपचार. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्हीबाधितांना शरीरात जंतू शिरलेत का ते सांगणाऱ्या त्वचाचाचणीची वाट न पाहता सुरू करायचे. मोठ्यांसाठी त्वचाचाचणी किंवा रक्तचाचणी उपलब्ध असेल तर करावी, नसेल तर तेवढ्यासाठी उपचार अडवू नयेत. सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, अशा १२ मात्रा. रुग्ण औषधप्रतिरोधी असेल तर त्याच्या सहवासितांना यांतलं काही सरसकट देऊ नका, डीआर-टीबी केंद्राला विचारा. धडधाकट माणूस गोळी का घेईल, ही अडचण इथे नेहमी येते. शरीरात जंतू शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी रोग होतो आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांत उमटतो, हे घरातल्या कर्त्या बाईला समजावून सांगा. गोळ्यांचा वार तीच सांभाळते.

घरात खायला काय आहे तेही बघा. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना अन्नाची मदत दिली तेव्हा त्यांच्यातला नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटला. निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यावर येतात. घरच्यांसाठी निक्षय मित्रांकडून, म्हणजे मदत देणाऱ्या दात्यांकडून, धान्य मिळवावं लागतं, आणि ते कोणत्या घराला आधी द्यायचं हे सहवासितांच्या वजनांवरून ठरवता येतं.

आश्रमशाळा, वसतिगृह, कारखाना

तीन महिन्यांत एकाच जागेतले दोन रुग्ण सापडले की तो समूह समजून चौकशी सुरू करा. चारशे मुलांच्या आश्रमशाळेत पहिल्याच दिवशी सगळ्यांची तपासणी काढली तर पथक दमतं, एक्स-रे धड निघत नाहीत आणि पालक मुलं घरी घेऊन जातात. त्याऐवजी वर्तुळं आखा. आधी त्याच खोलीत झोपणारी मुलं, मग त्याच वर्गातली आणि एकाच पंगतीला बसणारी. पहिल्या वर्तुळात रोगाचं किंवा संसर्गाचं प्रमाण जास्त आलं तरच पुढचं वर्तुळ. स्वयंपाकी, अधीक्षक, रात्रीचा पहारेकरी यांना पहिल्याच वर्तुळात धरा. मुलांतल्या समूहामागे पुष्कळदा खोकणारा मोठा माणूस असतो, लहान मुलं सहसा संसर्ग फारसा पसरवत नाहीत.

त्वचाचाचणी दिली तर ४८ ते ७२ तासांत वाचावीच लागते. शुक्रवारी टोचली आणि सोमवारी सुट्टी निघाली तर सगळं वाया, म्हणून सोमवार किंवा मंगळवार निवडा. खोलीच्या खिडक्या उघडतात का, पलंगांमध्ये अंतर किती, थंडीत खिडक्यांवर गोणपाट लावतात का, हे कागदावर उतरवा. अधीक्षकांना द्यायच्या शिफारशींत पहिली ओळ खिडक्यांची असावी.

उपचारांचा निकाल आणि मृत्यू

या वर्षी बरे झालेले भागिले या वर्षी नोंदलेले, हा हिशोब चूक आहे. निकाल नेहमी एका तुकडीचा काढायचा. जानेवारी ते मार्च २०२४मध्ये नोंदलेल्या सगळ्या रुग्णांची यादी घ्या आणि २०२५च्या सुरुवातीला त्यांतला प्रत्येक जण कुठे आहे ते भरा: बरा, उपचार पूर्ण, मृत, उपचार सोडले, उपचार निष्फळ, बदलून गेला. ‘बदलून गेला’ या रकान्यात बरीच माणसं हरवतात. रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात पाठवला म्हणजे जबाबदारी संपत नाही, तिथल्या टीयूने (क्षयरोग युनिटने) तो स्वीकारला आणि पुढची औषधं दिली हे फोन करून विचारा.

मृत्यूंची टक्केवारी सगळेच काढतात. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे उपचार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचे दिवस मोजून मांडणं. बहुतेक मृत्यू पहिल्या दोन महिन्यांत पडलेले दिसतील, म्हणजे रुग्ण आला तेव्हाच खंगलेला होता. तमिळनाडूने २०२२पासून निदानाच्या दिवशीच तीन गोष्टी पाहायला सुरुवात केली: अतिकुपोषण, धाप किंवा रक्तातला कमी ऑक्सिजन, आणि आधाराशिवाय उभं राहता न येणं. यांतलं काही आढळलं की रुग्णाला दाखल करायचं. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर एवढीच सामग्री लागते, त्यामुळे कुठल्याही तालुक्यात हे पुढच्या सोमवारपासून सुरू करता येतं.

खोकल्याच्या साथींसोबत

फ्लूसारख्या साथींचा माग वेगळ्या घड्याळाने काढायचा. तिथे आठवडे मोजायचे, इथे वर्षं. ३८ अंश किंवा जास्त ताप आणि खोकला, सुरुवात दहा दिवसांच्या आत, असा रुग्ण आयएलआय (फ्लूसदृश आजार). तोच दाखल करावा लागला तर सारी (तीव्र श्वसनसंसर्ग). पश्चिम भारतात इन्फ्लुएन्झाचा मोठा उंचवटा पावसाळ्यात येतो आणि हिवाळ्याच्या शेवटी एक लहान. साथरोगांच्या नोंदीच्या आयएचआयपी पोर्टलवरचे आकडे आठवड्यानुसार मांडून मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्याशी ताडा, आणि सारीचे नमुने थांबू देऊ नका.

क्षयरोगाशी याची गाठ पडते ती साथ ओसरताना. ‘व्हायरलचा खोकला राहिलाय’ म्हणून औषधं घेत राहिलेल्या माणसांत क्षयरुग्ण लपलेले असतात. आयएलआयच्या यादीतल्या प्रत्येकाला तीन आठवड्यांनी आशाताईंनी एक फोन करावा, खोकला टिकून असेल तर नॅट आणि एक्स-रे. दोन कार्यक्रमांच्या दोन याद्या एकाच तालुका कार्यालयात असतात, त्या एकत्र पाहायची सवय मात्र लावावी लागते.

महिन्याचा एक कागद

हे सगळं बैठकीत न्यायचं तर एका पानात बसवा. तालुक्यागणिक एक ओळ आणि आठ रकाने: लाखामागे तपासण्या, पॉझिटिव्ह टक्के, राहत्या पत्त्यानुसार नोंद, खाजगीतून आलेले, पॉझिटिव्ह असून उपचार न सुरू झालेले, दर रुग्णामागे प्रत्यक्ष तपासलेले सहवासित, प्रतिबंधक उपचार सुरू झालेले आणि दोन महिन्यांच्या आत झालेले मृत्यू. पाचव्या रकान्यात आकडा लिहू नका, निक्षय क्रमांक लिहा, आणि बैठक संपायच्या आधी त्या प्रत्येक रुग्णाकडे कोण, कोणत्या वारी जाणार हे त्याच ओळीत भरून घ्या.